दारूगोळ्याचा जुना डबा: कुठला, केव्हाचा, हे कसं ओळखायचं

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी हमखास दिसणारी वस्तू म्हणजे हिरवा, उभट, पत्र्याचा डबा. वर पाडता येणारी मूठ, एका अंगाला दणकट खटका, आत बहुतेक वेळा नट-बोल्ट नाहीतर जुन्या तोट्या. भाव विचारला की विक्रेता आधी भाव सांगत नाही, इतिहास सांगतो. "वर्ल्ड वॉरचा आहे साहेब, ओरिजिनल." मी घेतलेल्या पहिल्या डब्याच्या कुशीवर पिवळ्या अक्षरांत ७.६२ मिमी नाटो असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ते काडतूस नाटोने स्वीकारलं १९५४ मध्ये, म्हणजे महायुद्ध संपून नऊ वर्षं झाल्यावर. मी तेव्हा नवखा होतो. इतिहासाचे पैसे मोजून घरी आलो.

त्यानंतर पुष्कळ डबे पालथे घातले. माझा एक मावसभाऊ अमेरिकेत ओहायोत राहतो. तिथे असे डबे गराज सेलमध्ये ढिगाने मिळतात, आणि तो त्यांचे फोटो पाठवून "हा केव्हाचा?" विचारत असतो. त्याला जे फोनवर सांगत आलो तेच इथे नीट क्रमाने लिहितो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा: डब्याला एकच वय नसतं. पत्रा एका साली ठोकला जातो, रंग दुसऱ्या साली चढतो, आतला माल तिसऱ्याच सालचा असतो. लष्कर धड डबा टाकून देत नाही. रिकामा झाला की परत येतो, रंगवला जातो, नवी अक्षरं लागतात, पुन्हा भरला जातो. वाड्याच्या भिंतीवर चुन्याचे थर चढत जावेत तसं हे असतं. म्हणून डबा आतून बाहेर वाचायचा: पत्रा, मग जोडकाम, मग रंग आणि सगळ्यात शेवटी अक्षरं. नवखा माणूस नेमका उलटा जातो, कारण अक्षरं वाचायला सोपी असतात.

पहिली पायरी: डबा खरंच रिकामा आहे का?

हे गमतीत घेऊ नका. खटका उघडण्याआधी डबा हलवून पाहण्याचा मोह होतो, तो आवरा. हळूच उघडा आणि नट-बोल्टांच्या खालीही बघा. पुंगळी (गोळी उडाल्यावर उरलेलं रिकामं कवच) आणि जिवंत काडतूस यांतला फरक पहिल्यांदा पाहणाऱ्याला कळेलच असं नाही. तोंडाशी गोळी बसलेली दिसली तर हात लावू नका, दुकानदारालाही लावू देऊ नका, ११२ ला फोन करा. परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस बाळगणं हाही शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे, आणि "डब्यातच होतं हो" हे उत्तर पोलीस चौकीत फार पुरत नाही. हातबॉम्बसारखं काही दिसलं तर पुढचा प्रश्न बॉम्बशोधक व नाशक पथकाचा. तुम्ही फक्त लांब व्हा आणि इतरांना लांब ठेवा.

दुसरी पायरी: तिरपा उजेड आणि चिमूटभर रांगोळी

जुन्या डब्यावरची खरी माहिती रंगाने लिहिलेली नसते, ती पत्र्यातच दाबलेली असते. चार वेळा रंगवलेल्या डब्यावर ही उठावाची अक्षरं जवळजवळ बुजून जातात. बाजारात मोबाइलचा टॉर्च डब्याला अगदी चिकटवून, आडवा धरा. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. कडेने टाकला की अक्षरांच्या सावल्या पडतात. घरी आणल्यावर लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो तसं करा. आत दबलेली बारीक अक्षरं असतील तर पांढरी रांगोळी बोटाने चोळा आणि वरची पुसून घ्या. खाचेत राहिलेली रांगोळी अक्षरं उजळ करते, आणि नंतर ओल्या फडक्याने निघून जाते. टाल्कम पावडरही चालते, पण ती रबरात घुसून बसते.

झाकणाची वरची बाजू, दोन्ही कुशी, दोन्ही टोकं, तळ, झाकणाची आतली बाजू: सगळीकडे बघा. तळ बघायला लोक विसरतात. माझी निम्मी उत्तरं तळावरच सापडली आहेत.

तिसरी पायरी: आकार आणि झाकण

जगभर सगळ्यात जास्त फिरणारे डबे अमेरिकी बनावटीचे, आणि त्यांचे दोन आकार डोळ्यांत बसले की पुष्कळ काम होतं. अरुंद डबा साधारण २८ सेंटिमीटर लांब, साडेनऊ रुंद, अठरा उंच. हा पॉइंट थर्टी कॅलिबरच्या, म्हणजे ०.३० इंच व्यासाच्या गोळीच्या घराण्याचा. रुंद डबा साधारण तीस लांब, साडेपंधरा रुंद, एकोणीस उंच. हा पॉइंट फिफ्टीचा. ही नावं आकाराची आहेत, आतल्या मालाची नव्हेत. रुंद डब्यात पुढे ५.५६ मिमीची काडतुसंही सर्रास भरली गेली: एका पट्ट्यात १२० अशा सात पट्ट्या, म्हणजे ८४०.

महायुद्धातल्या अरुंद डब्याचं नाव एम१. ब्राउनिंग मशिनगनचा २५० काडतुसांचा कापडी पट्टा त्यात घडी घालून बसे. रुंद डब्याचं नाव एम२. महायुद्धानंतर त्यांची जागा एम१९ए१ आणि एम२ए१ यांनी घेतली (मध्ये एम१ए१ नावाचा एक टप्पा होऊन गेला). नवख्याने धरून ठेवायची खूण झाकणाच्या आत आहे. नंतरच्या डब्यांत झाकणाच्या आतून चारी बाजूंनी सलग रबरी वायसर बसवलेला असतो आणि खटका दाबला की डबा पाणीबंद होतो. महायुद्धातल्या मूळ एम१, एम२ मध्ये हा बंदोबस्त नव्हता. वायसर तुटून पडला असेल तरी तो बसवायची खोबण आणि चिकटवल्याचे डाग राहतात, तेव्हा नुसतं "रबर नाही, म्हणजे जुना" असं म्हणू नका. मी म्हटलं होतं, आणि मावसभावाने ते अजून विसरलेलं नाही.

एम१९ए१ आणि एम२ए१ चं झाकण पूर्ण उघडून बाजूला सरकवलं की बिजागरीतून सुटून हातात येतं. त्यामुळे एका डब्याचं झाकण दुसऱ्यावर बसलेलं वारंवार सापडतं. झाकण आणि अंग यांची साक्ष वेगवेगळी घ्या.

चौथी पायरी: पत्र्यातली अक्षरं

महायुद्धातल्या अमेरिकी डब्यावर कॅलिबर, डब्याचं नाव आणि कारखान्याचं नाव उठावात असतं. शिवाय एक छान खूण असते: ज्वाला निघणारा गोल तोफगोळा. ते अमेरिकी सैन्याच्या ऑर्डनन्स खात्याचं चिन्ह. कारखान्यांत कॅन्को, क्राउन, रीव्ह्ज ही नावं नेहमी भेटतात. कॅन्को म्हणजे अमेरिकन कॅन कंपनी, एरवी खाद्यपदार्थांचे डबे करणारी. क्राउनचाही धंदा डब्यांचाच. युद्ध आलं तेव्हा टोमॅटो-मटारचे डबे ठोकणाऱ्यांकडेच हे काम जाणं साहजिक होतं.

या डब्यांवर साल असेलच असं नाही. पण नाव एम१ किंवा एम२, जोडीला पेटता गोळा आणि झाकणात वायसरची खोबण नाही, एवढं जुळलं तर पत्रा १९४० च्या दशकाचा धरायला हरकत नाही. एम१९ए१ किंवा एम२ए१ असं दाबलेलं असेल तर विक्रेत्याचं महायुद्ध तिथेच संपलं. नंतरच्या बऱ्याच डब्यांच्या तळाला किंवा टोकाला कारखान्याच्या आद्याक्षरांशेजारी महिना आणि वर्षाचे दोन आकडे ठोकलेले मिळतात. ते मिळाले तर पत्र्याचं वय कळलं, आता फक्त मालाचं राहिलं.

पाचवी पायरी: पिवळी अक्षरं

इथे थोडं रेंगाळू या, कारण गंमत इथेच आहे.

पहिल्यांदा काडतुसाचं नाव बघा. पॉइंट थर्टी असेल तर काळ मोकळा राहतो. कोरियाच्या युद्धानंतरही ते भरलं जात होतं. गॅरंड रायफलीच्या आठ-आठ काडतुसं धरणाऱ्या क्लिपा, सहा क्लिपांचा एक पट्टा, डब्यात असे चार पट्टे, एकूण १९२ काडतुसं: हा मजकूर असलेले डबे अमेरिकेत अजून पुष्कळ निघतात. ७.६२ नाटो म्हणजे १९५४ नंतर. ५.५६ म्हणजे १९६० च्या दशकाच्या आधी नाहीच. त्यातही एम८५५ (५.५६ चाच एक नंतरचा प्रकार) लिहिलं असेल तर १९८० चं दशक किंवा पुढचं.

मग साठा-क्रमांक. अमेरिकी सरकारी वस्तूंना १९५० च्या दशकापासून ११ आकडी क्रमांक असे, चार-तीन-चार असा तोडलेला. १९७४ पासून तो १३ आकडी झाला: चार-दोन-तीन-चार. मध्ये घुसलेले दोन आकडे देशाचे. अमेरिकेचे ०० किंवा ०१, ब्रिटनचे ९९, भारताचे ७२. म्हणजे नुसते आकडे मोजले तरी डबा १९७४ च्या अलीकडे की पलीकडे हे कळतं. सुरुवातीचे चार आकडे १३०५ असतील तर ती लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याची वर्गवारी आहे. बाजारात उभं राहून बोटावर करता येण्यासारखा हा एकच हिशेब, पण फार कामाचा.

तिसरा लॉट क्रमांक, म्हणजे एकत्र बनलेल्या काडतुसांच्या खेपेचा क्रमांक. सुरुवातीची इंग्रजी अक्षरं कारखान्याची. एल सी म्हणजे मिसुरी राज्यातला लेक सिटी कारखाना, जिथे १९४१ मध्ये उत्पादन सुरू झालं. एफ ए म्हणजे फिलाडेल्फियाचं फ्रँकफर्ड आर्सेनल, जे १९७७ मध्ये बंद झालं. तेव्हा एफ ए चा लॉट त्यापुढचा असू शकत नाही. जुन्या लॉटमध्ये कारखान्यापुढे नुसते अनुक्रमांक असतात, त्यातून साल थेट वाचता येत नाही. नंतरच्या पद्धतीत कारखान्यापुढे सालाचे दोन आकडे आणि लगेच महिन्याचं एक अक्षर येतं. ए म्हणजे जानेवारी, तिथून एच म्हणजे ऑगस्टपर्यंत सरळ. पुढचं आय हे अक्षर वगळलं आहे, कारण ते एक या आकड्यासारखं दिसतं. म्हणून जे सप्टेंबर, के ऑक्टोबर, एल नोव्हेंबर, एम डिसेंबर. बोटं मोजून के ला अकरावा महिना म्हणणारे मी पाहिले आहेत.

चौथी खूण संयुक्त राष्ट्रांच्या वाहतूक नियमांची. नारिंगी चौकट आणि आत १.४एस, सोबत ००१२ हा क्रमांक, आणि एका वर्तुळात यू खाली एन. हे वर्तुळ डब्यांवर सर्रास दिसायला लागलं १९९० च्या दशकापासून. त्याच्या पुढची लांबलचक ओळ कुणी वाचत नाही, पण ती वाचा. त्यात ४ए म्हणजे पोलादी पेटी, पुढे वजनाचा आकडा, मग एस, आणि एसच्या पुढचे दोन आकडे म्हणजे ते वेष्टन बनवल्याचं साल. सरकारी नियमाने छापलेली ही तारीख डब्यावरच्या इतर कुठल्याही मजकुरापेक्षा सरळ आहे. फक्त ती डब्यापुरती आहे की बाहेरच्या खोक्यासह सगळ्या बांधणीची, हे पत्र्यावरच्या तारखेशी ताडून बघायचं.

आता हे सगळं एका डब्यावर चालवून दाखवतो. ओहायोहून आलेला एक रुंद डबा माझ्या टेबलाखाली आहे. झाकणावर एम२ए१, वायसर शाबूत, तळ कोरा. कुशीवर ८४० काडतुसं, ५.५६, १३ आकडी क्रमांक, लॉटमध्ये एल सी, ८५, के. म्हणजे काडतुसं ऑक्टोबर १९८५ ची. एवढ्यावर मी तो १९८५ चा म्हणून मोकळा झालो असतो. पण खटक्याच्या बाजूचा रंग रुपयाएवढा उडाला होता. त्याखाली दुसरा हिरवा, जरा तपकिरीकडे झुकणारा. कडेने टॉर्च धरला तर कुशीवरच्या पिवळ्या ओळींखाली दुसऱ्या ओळींचे वळ उठलेले दिसले. कागद ठेवून पेन्सिल घासली. सुरुवात वाचता आली: १०० काडतुसं, कॅलिबर पॉइंट फिफ्टी. खालची ओळ चार-तीन-चार अशी तुटत होती. अकरा आकडे! म्हणजे हा डबा १९७४ च्या आधीही एकदा भरला होता. तेव्हा चिठ्ठी अशी लिहिली: पत्रा महायुद्धानंतरचा, १९७४ पूर्वीचा, शेवटचा माल ऑक्टोबर १९८५ चा. यापेक्षा जास्त तो डबा सांगत नाही आणि मीही सांगत नाही.

सहावी पायरी: ब्रिटिश आणि आपल्याकडचे

आपल्या बाजारात अमेरिकी डब्यांच्या जोडीला ब्रिटिश वळणाच्या पेट्या येतात. देवळालीची छावणी, कल्याणची छावणी (जिथे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचं उल्हासनगर वसलं), देहूरोड, खडकी अशा जागांभोवती डिस्पोजलचा माल पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिला आहे. ब्रिटिश पेटी वाचायला उलट सोपी, कारण पत्र्यावर बहुधा कारखान्याची आद्याक्षरं, चार आकडी साल आणि बाणाचं टोक असं सगळं एकत्र ठोकलेलं असतं. तो बाण म्हणजे सरकारी मालमत्तेची खूण. नुसता बाण ब्रिटनचा. सी या अक्षराच्या पोटात बाण असेल तर कॅनडा. दोन डी च्या मध्ये बाण असेल तर ऑस्ट्रेलिया. यू मध्ये असेल तर दक्षिण आफ्रिका. आणि बाणासोबत आय असेल तर तो आपला, ब्रिटिश अमदानीतला हिंदुस्थान.

सालाची ही सवय किती उपयोगी पडते त्याचा किस्सा. मुंबईच्या चोरबाजारात एका चाचांनी मला एक चपटी पेटी दाखवली. "गोदीच्या स्फोटातली आहे," म्हणाले. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे दारूगोळ्याने भरलेलं जहाज उडालं, ते मुंबईकर अजून विसरलेले नाहीत. पेटी उलटी केली, रांगोळी नव्हती म्हणून चुना चोळला. १९४५. चाचांनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि भाव निम्म्यावर आणला.

आकारावरून आतला माल कधी कधी ओळखता येतो. ब्रेनगन या ब्रिटिश हलक्या मशिनगनच्या बाकदार मॅगझिनींची पेटी असेल तर त्यात बारा मॅगझिनी मावतात. छत्तीस नंबरच्या हातबॉम्बच्या पेटीतही बाराच, आणि ते पेटवणाऱ्या बत्त्यांचा वेगळा गोल डबा.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. त्याच्या काडतुसांच्या बुडावर आणि लेबलांवर के एफ अशी अक्षरं येतात. ओ एफ व्ही म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव, १९६० च्या दशकात सुरू झालेलं. मजकुरात म्युनिशन्स इंडिया असं कंपनीचं नाव असेल तर पेटी १ ऑक्टोबर २०२१ च्या नंतरचीच, कारण त्या दिवशी जुन्या आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या. अशी ताजी पेटी बाजारात दिसली तर मी तरी हात लावत नाही. ती तिथे कशी आली, हा प्रश्न उद्या तुम्हाला विचारला जाऊ शकतो.

नवखे इथे आणखी एका जागी फसतात. पेटीवर थ्री-नॉट-थ्री दिसलं की महायुद्ध आठवतं. पण आपल्याकडे ती रायफल पोलिसांच्या खांद्यावर कितीतरी वर्षं राहिली. २००८ च्या मुंबई हल्ल्यातही काही पोलिसांच्या हातात तीच होती. तेव्हा थ्री-नॉट-थ्रीवरून साल काढू नका, बाण आणि ठोकलेले आकडे शोधा. भारतीय पेटीवर ५.५६ असेल तर मात्र गणित सोपं आहे. तो इन्सास रायफलीचा काळ, १९९० चं दशक आणि पुढे.

सोव्हिएत डबे वेगळेच. त्यांना झाकण नसतं. सीलबंद पत्रा ओपनरने कापून उघडायचा. रशियन लिपी वाचता येत नसली तरी लॉटचे तुकडे बघा: अक्षर आणि क्रमांक, मग सालाचे दोन आकडे, मग कारखाना. कारखाना १७ म्हणजे बर्नाउल, ६० म्हणजे फ्रुंझे (आजचं बिश्केक), १८८ म्हणजे नोवोसिबिर्स्क. कापलेला डबा पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे यात पत्र्याचं आणि मालाचं वय सहसा जुळतं.

नकली आणि नवे

बाजारात घरगुती वापरासाठी केलेले तसल्याच आकाराचे नवे डबे मिळतात. त्यात फसवणूक नाही, जोवर कुणी ते सैन्याचे म्हणून विकत नाही. पत्रा पातळ, वजन हलकं, खटका दाबताना "टक्" ऐवजी "चुईं" असा आवाज. पत्र्यात काहीच दाबलेलं नाही आणि अक्षरं मात्र ठसठशीत, असं असेल तर शंका घ्या. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा: खरा जुना डबा, त्यावर परवा मारलेली "१९४४". अशा वेळी अक्षरांवर ओरखडे आहेत का बघा. खालच्या रंगावर चरे आणि वर अक्षरं अखंड, म्हणजे अक्षरं चऱ्यांच्या नंतर आली.

घरी आणल्यावर

काचपेपर, तारेचा ब्रश, थिनर हे तिन्ही कपाटात ठेवा. डबा चकाचक करायच्या नादात लोक पिवळी अक्षरं पुसून बसतात आणि मग मला विचारतात केव्हाचा. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि लगेच कोरडं फडकं, एवढंच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे घासून धूळ उडवणं तसंही वाईट, आणि त्यात डाळ-तांदूळ, लसूण, मुलांचा खाऊ ठेवणं तर नकोच. गंज असेल तिथे मशीनचं तेल कापसाने टेकवा. वायसर कडक झाला असेल तर खटका कायम दाबून ठेवू नका. झाकण सैल ठेवलं तर तो जास्त टिकतो.

कुरियरने पाठवायचा असेल तर नारिंगी चौकट आणि स्फोटकांचे क्रमांक आधी कागदाने झाकून घ्या, नाहीतर काउंटरवरचा माणूस रिकामा डबाही घेणार नाही. चिकटपट्टी थेट अक्षरांवर लावू नका, कागदावर लावा.

आणि एक चिठ्ठी लिहून डब्याच्या आत टाका: पत्र्यावर काय सापडलं, रंगाखाली काय, कुशीवर काय, कुठून घेतला, कधी घेतला. विक्रेत्याने जे सांगितलं ते खाली वेगळ्या ओळीत, "म्हणे" लावून.